‘आकृतिबंध पूर्ण करा’ म्हणजे नक्की काय पूर्ण करायचं?

गेल्या एप्रिलमध्ये दोन दिवस ताईकडे गेलो होतो. माणदेशातलं गाव, उन्हाळा नेहमीसारखाच कडक. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. ओसरीवर तिची परिसर अभ्यासाची वही उघडी पडली होती. पानाच्या मध्यभागी एक मोठा गोल, त्यात लिहिलं होतं ‘पाण्याचे उपयोग’. भोवती चार छोटे गोल: पिणे, अंघोळ, कपडे धुणे, शेती. खाली लाल पेनाने बरोबरची खूण. शेजारचा तिचा वर्गमित्र खेळायला आला होता, त्याचीही वही पाहिली. तेच चार गोल, त्याच क्रमाने. दोघांनीही फळ्यावरून उतरवून घेतले होते.

मी तिला खडू दिला आणि म्हटलं, वही मिटव, फरशीवर तुमच्या घरचं पाणी काढून दाखव. कसंही काढ.

अर्ध्या तासात ओसरी भरली. विहीर काढली आणि तिच्यावर फुली मारली. मग बोअर, टँकर, सात हंडे, आजी, दोन म्हशी. म्हशींच्या बादल्या घरच्या हंड्यांपेक्षा मोठ्या काढल्या होत्या. टँकरपासून एक लांब बाण निघून थेट शाळेपर्यंत गेला होता आणि शाळेवरही फुली होती. हे काय, म्हणून विचारलं. ती म्हणाली, “मामा, टँकर सकाळी येतो ना. आई मजुरीला गेलेली असते. मग मी आणि आजी हंडे भरतो. पहिला तास बुडतो.”

वहीतल्या चार गोलांमध्ये यातलं काहीही नव्हतं. दोन्ही आकृत्या कागदोपत्री एकाच प्रकारच्या. शिक्षणशास्त्रात यांना ‘ग्राफिक ऑर्गनायझर’ म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘आकृतिबंध’ किंवा ‘ओघतक्ता’. सध्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्या पीडीएफ फिरतात, इंग्रजी शाळा माहितीपत्रकात ‘माइंड मॅप’ची जाहिरात करतात, एआयवर चालणारी अॅप्स धड्याचा फोटो घेऊन काही सेकंदांत रंगीत नकाशा काढून देतात. तरीही माझं मत असं आहे की, महाराष्ट्रात हे साधन आपण उलट्या टोकाने धरलं आहे.

मुळात हे आहे काय?

माहितीचे तुकडे आणि त्यांच्यातलं नातं डोळ्यांना दिसेल अशी मांडणी, इतकंच. दोन गोष्टींतलं साम्य आणि फरक दाखवायला एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढतात. ही पद्धत इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडली. क्रम दाखवायचा असेल तर ओघतक्ता. गोष्ट समजून घ्यायची असेल तर कोण, कुठे, काय हवं होतं, काय आडवं आलं, शेवटी काय झालं अशा चौकटी. धडा सुरू करण्याआधी ‘मला काय माहीत आहे’ आणि ‘काय जाणून घ्यायचं आहे’, आणि धडा संपल्यावर ‘काय कळलं’, असा तीन रकान्यांचा तक्ताही वापरतात. तो अमेरिकेच्या डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडला आणि जगभरच्या प्राथमिक वर्गांत पोहोचला.

याचा फायदा का होतो, हे समजायला फार मोठं मानसशास्त्र लागत नाही. आपण एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतो, मोठ्या माणसांनाही चार-पाचच्या पुढे जड जातं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची अडचण त्याहून मोठी. एका हाताने अक्षरं लावायची, दुसऱ्या हाताने अर्थ, आणि त्यातच आधीच्या वाक्यात काय होतं तेही आठवायचं. कागदावर खूण केली की डोक्यातली तेवढी जागा मोकळी होते.

गणिताचं उदाहरण घेऊ. एका टोपलीत ४८ आंबे आहेत, दुसरीत पहिलीपेक्षा १५ कमी आहेत, तर दोन्ही टोपल्यांत मिळून किती? मुलांना अभ्यासाला बसवणाऱ्या प्रत्येकाने यावर एक प्रश्न ऐकलेला असतो: “यात बेरीज करायची की वजाबाकी?” ‘कमी’ हा शब्द दिसला की ४८ मधून १५ गेले, ३३ उरले, उत्तर संपलं. आता याच मुलाला एक लांब पट्टी काढायला सांगा, ती ४८ची. तिच्याखाली थोडी आखूड पट्टी. जेवढी आखूड, तिथे १५ लिहायचे. मग दोन्ही पट्ट्यांना कवेत घेणारा एक मोठा कंस, त्यापुढे प्रश्नचिन्ह. ३३ वर थांबायला आता जागाच राहत नाही, कारण प्रश्नचिन्ह दोन्ही पट्ट्यांचं आहे. ४८ आणि ३३ मिळून ८१. सिंगापूरने १९८०च्या दशकात प्राथमिक गणित याच पट्ट्यांवर उभं केलं. आपल्याकडे त्यांची नक्कल महागड्या वर्कबुकांतून येते, पण पट्टी काढायला पाटी आणि पेन्सिल पुरते.

हे कोणी आणि कशासाठी शोधलं?

१९७०च्या दशकात अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी एका पेचात सापडले होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना विज्ञानाच्या संकल्पना शिकवून, पुढे बारा वर्षं त्याच मुलांची समज कशी बदलते हे ते पाहत होते. त्यासाठी मुलांच्या मुलाखती घेतल्या जात. मुलाखतींच्या कागदांचे गठ्ठे साचले, पण मुलाच्या समजुतीत नेमका काय बदल झाला ते त्यातून दिसेना. मग १९७२ च्या सुमारास त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटीत लिहायला आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवर नातं लिहायला सुरुवात केली. त्यातून ‘कन्सेप्ट मॅप’ जन्मला.

म्हणजे या नकाशाचं पहिलं काम मुलांच्या डोक्यात आधीच काय आहे ते मोठ्यांना दाखवणं हे होतं. मुलांच्या डोक्यात काही भरण्यासाठी तो काढलाच नव्हता. डॉक्टर आधी एक्स-रे काढतात, औषध मागून येतं. आपण एक्स-रेच छापून वाटला आणि सगळ्यांना सांगितलं, तुमची हाडं अशीच दिसली पाहिजेत.

मग आपल्याकडे कुठे बिघडलं?

महाराष्ट्रात आकृत्या नाहीत असं कोणी म्हणू शकणार नाही. उलट त्या जागोजागी आहेत. दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली, तोवर भाषा विषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी ‘कृतिपत्रिका’ आली होती. ‘आकृतिबंध पूर्ण करा’, ‘ओघतक्ता तयार करा’, ‘चौकटी पूर्ण करा’, असे दोन-दोन गुणांचे प्रश्न. हेतू चांगलाच होता: पाठांतर कमी व्हावं, मुलांनी उतारा वाचून विचार करावा.

झालं काय, ते क्लासच्या कोणत्याही वर्गात बसून पाहा. उताऱ्यात चार नावं शोधायची आणि चार चौकटींत उतरवायची. चौकटी किती हे आधीच छापलेलं, मधला शब्द छापलेला, बाणही छापलेले. मुलाने ठरवायचं असं काहीच उरत नाही. ‘रिकाम्या जागा भरा’चा हा फक्त नवा पोशाख आहे. आणि भरलेल्या चौकटी गाईडमध्ये तयार मिळतातच. वरच्या इयत्तेत जे गुण देतं ते खालच्या इयत्तेत झिरपतं, म्हणून चौथीच्या वहीत फळ्यावरून उतरवलेले चार गोल येतात.

यात शिक्षकांवर खापर फोडण्याआधी मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. मी इंजिनिअरिंग केलंय. पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक प्रोग्रामसोबत फ्लोचार्ट काढणं सक्तीचं होतं. फ्लोचार्ट आधी काढायचा, त्यावर विचार करायचा आणि मग प्रोग्राम लिहायचा, अशी अपेक्षा. आम्ही आधी प्रोग्राम लिहायचो, तोही कुठून तरी मिळवून. तो चालला की जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या फाइलवरून फ्लोचार्ट उतरवायचो. रेषा मात्र पट्टीने, सुबक. चार वर्षांत शेकडो चौकोन आणि समभुज चौकोन काढले असतील. पहिल्या नोकरीत एक साधी चूक सापडेना, तेव्हा एका सहकाऱ्याने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, काय व्हायला हवं ते काढ. मला काढता येईना. फ्लोचार्ट कशासाठी असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट आठवते, तीही साताऱ्याचीच. कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या ज्ञानरचनावादी प्रयोगाची चर्चा दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभर झाली. ठिकठिकाणचे शिक्षक तिथे वर्ग पाहायला गेले. २०१५ मध्ये सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा तक्त्यांनी, चौकटींनी, गोलांनी रंगल्या. मूल फरशीवर बसून, हाताने वस्तू मांडून, एकमेकांशी बोलून शिकेल ही त्यामागची कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. पण कल्पना गावोगाव नेणं अवघड असतं, ऑइलपेंट नेणं सोपं. अनेक शाळांत फक्त रंग पोहोचला. ऑइलपेंटने काढलेला तक्ता मुलाला पुसता येत नाही आणि त्याचा बाण दुसरीकडे वळवताही येत नाही. खडूने काढलेला तक्ता पुसता येतो, आणि या साधनाचा सगळा जीव त्या पुसण्यात आहे.

मधल्या काळात पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडण्याचाही प्रयोग झाला. २०२३-२४ पासून तशी पुस्तकं आली आणि २०२५ च्या सुरुवातीला तो निर्णय मागे घेतला गेला. दप्तराचं ओझं कमी करणं हा एक हेतू होता, मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात हा दुसरा. कोरं पान मिळालं म्हणून मूल नोंद करत नाही. त्या पानावर काय करायचं हे कोणीतरी आधी करून दाखवावं लागतं.

संशोधन काय सांगतं?

इथे सावध राहायला हवं, कारण वर्कबुक विकणारे ‘संशोधनाने सिद्ध’ हा शिक्का फार सहज मारतात. नेसबिट आणि अडेसोपे या संशोधकांनी २००६ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसता मजकूर वाचणं किंवा व्याख्यान ऐकणं यापेक्षा संकल्पना-नकाशांवर काम करणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं. पण नकाशाची तुलना सारांश किंवा मुद्दे लिहून काढण्याशी केली, तेव्हा फरक बराच लहान होता. म्हणजे जादू गोलात नाही. मजकुराशी झटापट करण्यात आहे.

२०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्पिकी आणि ब्लंट यांचा अभ्यास आला, तो तर नकाशाप्रेमींना चांगलाच झोंबला. एका गटाने मजकूर समोर ठेवून नकाशा काढला. दुसऱ्या गटाने मजकूर वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, असं दोनदा केलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे सरस ठरले. हे विद्यार्थी कॉलेजचे होते, चौथीचे नव्हते, हे ध्यानात ठेवूनच याकडे पाहायचं. पुढे २०१४ मध्ये याच दोघांनी नकाशा काढताना मजकूर बाजूला ठेवायला सांगितला, तेव्हा नकाशाही आठवून लिहिण्याच्या तोडीस तोड ठरला.

मला यातून एकच कामाची गोष्ट दिसते: पुस्तक मिटवून काढलेली आकृती आणि पुस्तक उघडं ठेवून काढलेली आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली कृतिपत्रिका बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची असते. उतारा वर, चौकटी खाली.

वाचताच येत नाही, तिथे आकृत्या कशाला?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, या उद्दिष्टासाठी ‘निपुण भारत’ २०२१ मध्ये सुरू झालं, त्याची मुदत २०२६-२७ आहे. अशा वेळी वाचनाच्या तासात गोल रंगवत बसणं हा गुन्हाच ठरेल. सुंदर रंगवलेल्या नकाशात अर्धा तास जातो आणि फोटो शाळेच्या ग्रुपवर छान येतो, हेही मी पाहिलेलं आहे.

पण चित्राला अक्षराची वाट पाहावी लागत नाही. पहिलीतलं मूल लिहू शकत नसलं तरी गोष्टीतली चार चित्रं क्रमाने मांडू शकतं. घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल प्रमाण मराठीत अडतं, पण चित्र काढून त्याला आपल्या भाषेतलं नाव देऊ शकतं, मग शिक्षक त्याच्या शेजारी मराठी शब्द लिहू शकतात. नीट न दिसणाऱ्या मुलासाठी हेच खडे, बिया आणि सुतळी वापरून जमिनीवर मांडता येतं. कागद हवाच असं नाही.

दुसरी अडचण वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. तीस मुलांचे तीस वेगवेगळे नकाशे तपासायचे कधी? त्यापेक्षा सगळ्यांचे चार गोल सारखे असले तर एका नजरेत काम होतं. मला वाटतं, खरी अडचण हीच आहे आणि तिचं उत्तर प्रशिक्षणाच्या पीपीटीत नाही. मुलाने काढलेली प्रत्येक आकृती तपासायची, तिला गुण द्यायचे, ती फाइलला लावायची, ही सक्तीच काढून टाकली पाहिजे. पाटीवर काढावी, शेजारच्याला समजावून सांगावी, पुसावी. शिक्षकांनी फिरता फिरता दोघा-तिघांना विचारावं, “हा बाण इकडे का?” तेवढ्यात त्यांना जे कळेल ते गठ्ठाभर वह्यांतून कळणार नाही.

घरी काय करता येईल?

फोन बाजूला ठेवून. (हा मजकूर वाचून झाल्यावर.)

रात्री गोष्ट सांगून झाली की मुलाला ती काढायला सांगा. भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्या, ती प्रत्येकाला येते. म्हातारीला काय हवं होतं? वाटेत कोण आडवं आलं? मग तिने काय केलं? चौकटी मुलाने ठरवाव्यात, तुम्ही नव्हे. तीन काढल्या तर तीन. एखादं मूल वाघाची चौकट मधोमध काढेल, कारण त्याच्या लेखी ती गोष्ट फसलेल्या वाघाची आहे. तिथे “चुकलं” म्हणू नका. का, ते विचारा.

भाकरीचा ओघतक्ताही करून पाहा. हा प्रयोग मी ताईच्याच घरी केला. भाचीने पाच चौकटी काढल्या: पीठ, पाणी, थापणं, तवा, ताट. चुलीपुढून ताई म्हणाली, “पाणी एकदाच?” पोरगी उठून तव्याजवळ गेली, एक भाकरी होईपर्यंत पाहत उभी राहिली. मळताना एकदा पाणी, आणि तव्यावर टाकल्यावर वरून हात फिरवतानाही. मग ती परत आली, तवा पुसला, मध्ये एक चौकट घुसवली, आणि तिच्यापुढे अजून एक: उलटणं. रोज डोळ्यांसमोर होणारी गोष्ट तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली असावी. मीही. मला तर मळताना पाणी गरम लागतं हेच माहीत नव्हतं.

एक पथ्य मात्र पाळा. आकृती चांगली दिसावी म्हणून तुम्ही स्वतः पेन्सिल हातात घेऊ नका. अॅपलाही घेऊ देऊ नका. धड्याचा नकाशा अॅपने काढला तर धडा अॅपला कळला, पोराला नाही.

ओसरीवरचं ते पाण्याचं चित्र दुसऱ्या दिवशी आजीने शेणाने सारवायच्या आधी मी फोनमध्ये टिपून ठेवलं. भाचीला म्हटलं, तुझ्या बाईंना दाखव. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, “मामा, परीक्षेत टँकरचा गोल काढला तर मार्क कापतात का?”

मला सांगता आलं नाही. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला, तेव्हा आठवणीने विचारलं. संकलित चाचणीत पाण्यावरचा तो आकृतिबंध आला होता. तिने चारच गोल भरले: पिणे, अंघोळ, कपडे धुणे, शेती. दोनपैकी दोन मिळाले.